गेमचे रिव्ह्यू वाचायचे कसे आणि कुठवर विश्वास ठेवायचा

मार्च २०१३मध्ये ‘सिमसिटी’ बाजारात आला तेव्हा पॉलिगॉन या वेबसाइटने त्याला दहापैकी ९.५ गुण दिले. थोड्याच दिवसांत ते ८ वर आले, मग ४ वर, आणि पुढे ६.५ वर जाऊन थांबले. गेम तोच आणि वेबसाइटही तीच. झालं असं की शहर वसवण्याचा हा गेम चालायला सतत इंटरनेट लागायचं. रिलीजच्या आधी समीक्षकांनी तो खेळला तेव्हा सर्व्हरवर मोजकीच माणसं होती. रिलीजच्या दिवशी झुंबड उडाली, सर्व्हर कोलमडले, पैसे मोजलेले लोक लॉगिनच्या रांगेत ताटकळले. भार कमी करण्यासाठी कंपनीने गेममधला सगळ्यात जलद वेगही काही काळ बंद ठेवला. इंटरनेटशिवाय खेळायची सोय यायला मार्च २०१४ उजाडला.

तेव्हा ९.५ खोटं होतं का? नाही. रिकाम्या सर्व्हरवर खेळणाऱ्या माणसाचा तो खराच अनुभव होता. रिव्ह्यू असाच वाचायला हवा: एका माणसाने, एका यंत्रावर, गेमच्या एका आवृत्तीत, एका विशिष्ट वेळी घेतलेल्या अनुभवाची नोंद म्हणून. यातली एकही गोष्ट तुमच्या बाबतीत वेगळी असेल तर तो आकडा तुम्हाला तसाच्या तसा लागू पडत नाही. रिव्ह्यू निरुपयोगी असतात असं म्हणणारे आणि स्कोअर बघून डोळे झाकून खरेदी करणारे, दोघंही नेमकं हेच विसरतात.

समीक्षकाला काय दिसतं, काय दिसत नाही

मोठ्या गेमचा रिव्ह्यू रिलीजच्या आधी येतो, कारण कंपनी समीक्षकांना आधीच प्रत देते. सोबत एक अट असते: अमुक तारखेच्या अमुक वेळेपर्यंत काही छापायचं नाही. प्रत कधी दोन आठवडे आधी मिळते, कधी चारच दिवस. साठ-सत्तर तासांचा गेम चार दिवसांत संपवायचा तर समीक्षक बाजूच्या मोहिमा सोडतो, मुख्य कथेच्या मागे धावतो आणि थकलेल्या डोळ्यांनी शेवट बघतो. ज्या गेमची मजा रमतगमत फिरण्यात आहे, त्याच्यावर अशा घाईत अन्याय होतो. उलट दहा तासांनंतर तोच तोचपणा येणारा गेम कधी कधी सुटून जातो.

यंत्राचा फरक किती पडतो हे ‘सायबरपंक २०७७’ने दाखवलं. १० डिसेंबर २०२०ला तो आला. आधी आलेले रिव्ह्यू फक्त पीसीवरचे होते, कारण कन्सोलची (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राची) प्रत समीक्षकांना दिलेलीच नव्हती. स्वतः रेकॉर्ड केलेलं चित्रण दाखवायलाही त्यांना मनाई होती. पीसीवर मेटाक्रिटिकचा, म्हणजे अनेक समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या वेबसाइटचा, आकडा शंभरपैकी ८६. पीएस४वर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलवर, लोकांनी खेळायला घेतला तर गेम अडखळतोय, बंद पडतोय, चेहऱ्यांचे तपशील उशिरा उमटताहेत. तिथला आकडा ५७ वर उतरला. आठवडाभरात, १८ डिसेंबरला, सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला आणि जून २०२१पर्यंत परत आणला नाही.

या गोष्टीचा पुढचा भाग आपल्याकडच्या वाचकाने जास्त लक्षात ठेवावा. सप्टेंबर २०२३च्या २.० अपडेटने या गेमची बरीच यंत्रणा नव्याने बांधली आणि त्यानंतरची स्तुती योग्यच आहे. पण ते अपडेट पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलना मिळालंच नाही. आपल्याकडे अजून भरपूर घरांत पीएस४ आहे, जुन्या डिस्क स्वस्तात मिळतात. २०२४चं कौतुक वाचून कोणी पीएस४ची डिस्क घेतली तर कौतुक झालेला गेम त्याच्या हाती येणारच नाही. म्हणून रिव्ह्यू वाचताना तारीख आणि यंत्र हे दोन्ही एकत्र बघायचे.

पैशांची गोष्टही रिव्ह्यूनंतर बदलते. ‘क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड’ जून २०१९मध्ये आला. खेळून नाणी कमवायची आणि गाड्या, पात्रं घ्यायची, एवढंच तेव्हा होतं. समीक्षकांनी त्यावर गुण दिले. ऑगस्टमध्ये तीच नाणी खऱ्या पैशांनी विकायला ठेवली गेली. रिलीजच्या आठवड्यातला कोणताही रिव्ह्यू हे सांगू शकत नव्हता. ऑनलाइन खेळल्या जाणाऱ्या गेमसाठी ताज्या महिन्यातलं मत शोधायलाच हवं.

शंभरपैकी आकडा येतो कुठून

मेटाक्रिटिक २००१पासून आहे. वेगवेगळ्या समीक्षकांचे गुण शंभरच्या मापात बदलून तिथे सरासरी काढली जाते. पाचपैकी चार तारे म्हणजे ८०. ही साधी सरासरी नसते. काही प्रकाशनांना जास्त वजन दिलं जातं, पण कोणाला किती हे जाहीर होत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: सिनेमाला तिथे ६१ पासून हिरवा रंग मिळतो, गेमला मात्र ७५ पासून. गेमच्या समीक्षेत गुण वरच्या टोकाला गर्दी करतात, त्यामुळे दहापैकी सात म्हणजे ‘बेताचा’ असा अर्थ रूढ झाला आहे. शाळेत सत्तर टक्के म्हणजे चांगले गुण, त्या हिशोबाने गेमचे ७० वाचू नका. आणि ७४ व ७६ यांच्यात रंग बदलतो म्हणून फरक मोठा आहे असंही समजू नका.

हा आकडा किती गांभीर्याने घेतला गेला याचं एक उदाहरण पुरे. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओला बोनस मिळणार होता, अट होती मेटाक्रिटिकवर ८५ ची. मिळाले ८४. बोनस हुकल्याचं स्टुडिओच्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२मध्ये स्वतः सांगितलं. सुरुवातीला बगांनी (तांत्रिक चुकांनी) भरलेला तो गेम आज या मालिकेतल्या सर्वांत आवडत्या गेमपैकी एक मानला जातो. एका गुणाने काहींचा बोनस गेला आणि गेमची खरी किंमत मात्र त्या आकड्याला कळलीच नाही. हे वाईट झालं.

स्टीमवरची टक्केवारी

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गुण नसतातच. २०१३पासून तिथे खेळाडू फक्त ‘शिफारस करतो’ किंवा ‘करत नाही’ एवढंच सांगतो. ९५ टक्के म्हणजे गेम शंभरपैकी ९५ दर्जाचा, असा अर्थ नाही. शंभरातल्या ९५ जणांना तो बरा वाटला, इतकंच. सगळ्यांना ‘ठीक आहे’ वाटणारा गेम ९५ वर जाऊ शकतो, आणि निम्म्यांना वेड लावणारा पण निम्म्यांना चीड आणणारा ५० वर अडकतो. तुम्ही त्या पहिल्या निम्म्यात बसत असाल तर ५० वाला गेमच तुमचा.

पट्ट्या साधारण अशा आहेत: ५०० च्या वर रिव्ह्यू आणि ९५ टक्क्यांहून जास्त होकार असतील तर ‘ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह’. ८० च्या वर ‘व्हेरी पॉझिटिव्ह’, पण त्यासाठी किमान ५० रिव्ह्यू हवेत. ७० ते ७९ ‘मोस्टली पॉझिटिव्ह’. ४० ते ६९ ‘मिक्स्ड’. शेवटची पट्टी फार रुंद आहे. ६८ टक्क्यांचा आणि ४१ टक्क्यांचा गेम एकाच नावाखाली दिसतात, म्हणून माउस त्या शब्दावर नेऊन खरी टक्केवारी वाचा.

संख्या लहान असेल तर टक्केवारी हलकी असते. वीस रिव्ह्यूंपैकी अठरा होकार म्हणजे ९० टक्के, पण गणिताने त्यात तेरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. दोन हजारांपैकी अठराशे होकार असतील तर चढउतार जेमतेम सव्वा टक्का. शिवाय मतं देणारे लोक वाटेल तिथून गोळा केलेले नसतात. शेतीचं किंवा रेल्वेचं सिम्युलेटर घेणारा माणूस आधीच त्या प्रकाराचा वेडा असतो. तिसरा भाग घेणाऱ्याला पहिले दोन आवडलेलेच असतात. म्हणून अशा गेमची टक्केवारी फुगलेली दिसते. तुम्ही त्या प्रकारात नवे असाल तर पाच-दहा टक्के मनातल्या मनात वजा करा.

आता पानावर प्रत्यक्ष काय करायचं ते बघू. आधी ‘रीसेंट’ आणि ‘ऑल’ या दोन ओळी शेजारी ठेवून वाचा. पहिली फक्त शेवटच्या तीस दिवसांची असते. एकूण ९० आणि ताजे ५५ असतील तर नुकतंच काहीतरी बिघडलंय: अपडेट, सर्व्हर किंवा पैसे उकळण्याची नवी रीत. एकूण ७० आणि ताजे ९२ असतील तर गेम दुरुस्त झालाय. ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६मध्ये आला तेव्हा जाहिरातीत दाखवलेल्या कित्येक गोष्टी गेममध्ये नव्हत्या आणि लोक संतापले. वर्षानुवर्षं फुकट अपडेट येत राहिले आणि नोव्हेंबर २०२४मध्ये त्याचं एकूण मत ‘व्हेरी पॉझिटिव्ह’वर पोचलं. जुने लाल (नकार देणारे) रिव्ह्यू आजही त्या बेरजेत आहेत, म्हणून इतका वेळ लागला.

खाली निळ्या-लाल रेघांचा आलेख असतो. लाल रेघ उंच झालेली दिसली तर तिच्यावर क्लिक करा, त्याच दिवसांचे रिव्ह्यू उघडतात. कारण दोन मिनिटांत कळतं. मे २०२४मध्ये ‘हेलडायव्हर्स २’वर दोन लाखांहून जास्त लाल मतं पडली, कारण सोनीने पीएसएन (प्लेस्टेशन नेटवर्क, सोनीची ऑनलाइन सेवा) खातं जोडण्याची सक्ती जाहीर केली होती. ज्या देशांत पीएसएन मिळतच नाही तिथल्या खेळाडूंचा विकत घेतलेला गेम बंद पडणार होता. राग रास्त होता, आणि तीन दिवसांत कंपनीने माघार घेतली. पण भारतात पीएसएन आहे. इथल्या खेळाडूला ‘गेम चालणार का’ एवढंच विचारायचं असेल तर त्या लाटेत उत्तर नव्हतं. ज्या लाटेला गेमशी संबंध नाही असं स्टीमला वाटतं, ती २०१९पासून बेरजेतून वगळली जाते आणि शेजारी तारांकन दिसतं.

मग खेळलेल्या तासांचा फिल्टर लावा. दोन तासांच्या आतले नकार बहुधा तांत्रिक असतात: गेम सुरूच होत नाही, कंट्रोलर ओळखत नाही, सारखा अडकतो. तुमच्यासारखंच ग्राफिक्स कार्ड त्यांनी लिहिलंय का ते बघा. दहा ते चाळीस तासांमधले नकार सगळ्यात मोलाचे. या माणसाने गेमला पुरेशी संधी दिली आणि नेमकं काय खटकलं ते त्याला सांगता येतं. आठशे तास खेळून ‘घेऊ नका’ म्हणणारा माणूस गेमवर नाही, शेवटच्या अपडेटवर रागावलेला असतो. तुम्ही आठशे तास खेळणार नसाल तर त्याचा राग तुमचा नाही.

फक्त लाल रिव्ह्यू वाचायची सवय चांगली आहे, पण त्यातली विशेषणं गाळा आणि क्रियापदं ठेवा. ‘बकवास’, ‘बोअर’ यातून काही कळत नाही. ‘प्रत्येक मोहिमेआधी पाच मिनिटं घोड्यावरून जावं लागतं’, ‘हवं तेव्हा सेव्ह करता येत नाही’, ‘नकाशाभर दोनशे खुणा पसरल्यात’ ही माहिती आहे, आणि तिच्यातलं एखादं वाक्य वाचून तुम्हाला गेम हवाहवासा वाटू शकतो.

आवड बदलते, आकडा तिथेच राहतो

‘एलियन: आयसोलेशन’ ऑक्टोबर २०१४मध्ये आला. आयजीएन या वेबसाइटने त्याला दहापैकी ५.९ दिले, पीसी गेमर मासिकाने शंभरपैकी ९३. समीक्षकांनी पाहिलेल्या गोष्टी जवळपास त्याच होत्या: एकच राक्षस, त्याला मारता येत नाही, तो कुठून येईल हे ठरलेलं नाही, सेव्ह करायला भिंतीवरच्या यंत्रापाशी उभं राहावं लागतं, आणि हे सगळं वीसेक तास चालतं. एकाला ते लांबलेलं आणि पुनःपुन्हा मारणारं वाटलं, दुसऱ्याला तीच भीती हवी होती. दोन्ही रिव्ह्यू वाचले तर तुम्ही कोणत्या बाजूचे हे लगेच कळतं. सरासरी काढली की नेमकी तीच माहिती नाहीशी होते.

खेळणाऱ्यांची एकूण चवही सरकत राहते. २००९मध्ये ‘डीमन्स सोल्स’ आला तेव्हा पाश्चात्त्य बाजारात तो काढायला सोनी तयार नव्हती. अमेरिकेत तो अ‍ॅटलस कंपनीने आणला. एवढा कठीण गेम कोण घेणार, हा प्रश्न तेव्हा साहजिक होता. त्याच स्टुडिओच्या ‘एल्डन रिंग’च्या फेब्रुवारी २०२२नंतरच्या एका वर्षात दोन कोटी प्रती खपल्या. मधल्या काळात ‘कठीण’ हा शब्द रिव्ह्यूमध्ये तक्रारीच्या रकान्यातून कौतुकाच्या रकान्यात गेला. पाळीपाळीने चाल करण्याच्या लढाया जुनाट झाल्या असं बरीच वर्षं म्हटलं जायचं. २०२३मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ने ते खोडून काढलं. ‘अमंग अस’ २०१८पासून होता आणि कोणाला माहीत नव्हता. २०२०मध्ये लोक घरात बंद झाले, मित्रांशी गप्पा मारत खेळता येईल असं काहीतरी हवं झालं, आणि तो सगळीकडे पोचला. गेम बदलला नव्हता, गरज बदलली होती. २०२३मध्ये बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचं सर्वोत्कृष्ट गेमचं पारितोषिक ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ला मिळालं. किंमत मोठ्या गेमच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, एक फेरी अर्ध्या तासाची. ‘शंभर तासांचा गेम’ ही एके काळी शाबासकी होती. नोकरी सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्याला आज ती धोक्याची सूचना वाटते.

म्हणून दहा वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू वाचताना हे बघा की त्या वेळी कशाला नावं ठेवली जात होती. दोष यंत्रणेचा असेल (कॅमेरा भिंतीत अडकतो, बटणं उशिरा दाद देतात) तर तो आजही तुम्हाला खटकेल. दोष चवीचा असेल (संथ आहे, छोटा आहे, मार्ग दाखवत नाही) तर तो कदाचित आज गुण ठरेल.

आपल्या मातीतलं उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’चं. २०२०मध्ये आलेल्या या गेमला त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्स या पुरस्कारांमध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळालं. सर्कशीत काम करणारी राजी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, महाबलासुराच्या तावडीतून सोडवायला निघते, आणि दुर्गा व विष्णू कथा सांगतात. परदेशी समीक्षकांनी राजस्थानी महालांचं आणि पुराणकथांचं तोंड भरून कौतुक केलं; लढाईचा कॅमेरा आणि अचानक तुटणारा शेवट यांवर बोट ठेवलं. आता मराठी वाचकाने यातलं काय घ्यावं? पुराणकथेचं नावीन्य आपल्यासाठी नाही, तेव्हा त्या कौतुकाचं वजन थोडं कमी करावं. भारतीय खेळाडूंच्या रिव्ह्यूत ‘आपला गेम’ म्हणून अभिमान मिसळलेला असतो, तोही बाजूला ठेवावा. उरतं ते कॅमेऱ्याबद्दलचं मत, आणि ते दोन्हीकडे सारखंच आहे. त्यावर विश्वास ठेवा. नंतर आलेल्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आहेत, ही गोष्ट पहिल्या रिव्ह्यूंमध्ये अर्थातच सापडणार नाही.

फोनवरचे तारे

प्ले स्टोअरवरचे तारे सर्वांत कमी कामाचे. जिंकल्यावर, बक्षीस मिळाल्यावर, माणूस खूश असतानाच रेटिंग मागणारी खिडकी उघडली जाते. हरल्यावर ती कधी येत नाही. पाच तारे देऊन ‘नाइस गेम’ लिहिणाऱ्यांकडून काही शिकण्यासारखं नसतं. दोन आणि तीन ताऱ्यांची मतं नवीन आधी अशी लावून वाचा. शोधायचे शब्द ठरलेले आहेत: फोन तापतो, बॅटरी उतरते, अमुक लेव्हलनंतर पैसे दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, जाहिरात बंद होत नाही. २०२१च्या अखेरीपासून तिथले तारे आपापल्या देशातल्या मतांवरून दाखवले जातात, हे मात्र उपयोगाचं आहे, कारण सर्व्हर आणि नेटच्या तक्रारी आपल्याच भागातल्या दिसतात.

यूट्यूबवर रिव्ह्यू बघत असाल तर मुंबईच्या अ‍ॅड्व्हर्टायझिंग स्टँडर्ड्स काउन्सिलने २०२१मध्ये घालून दिलेला नियम माहीत असू द्या: पैसे किंवा भेट घेऊन केलेल्या व्हिडिओवर तसं ठळक लिहिलेलं हवं. फुकट प्रत मिळणं आणि बोलायचे पैसे मिळणं यांत फरक आहे. पहिल्यात मत विकलेलं नसतं. दुसऱ्यात जाहिरात आहे असंच धरून चाला. आणि कोणाचंही भाष्य नसलेलं, गेमच्या मधल्या भागातलं दहा मिनिटांचं चित्रण जरूर बघा. पहिला तास प्रत्येक कंपनी घासूनपुसून चकाचक करते.

दोन तासांची खरी परीक्षा

स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. हा कोणत्याही रिव्ह्यूपेक्षा मोठा आधार आहे, पण तो वापरताना लोक चुकतात. डाउनलोडचा वेळ मोजला जात नाही, मात्र गेम उघडल्यापासून घड्याळ चालू होतं. कंपनीचा वेगळा लाँचर (गेम सुरू करून देणारं छोटं ॲप) उघडा राहिला तरी मिनिटं जातात. मार्च २०२३मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला तेव्हा पहिल्यांदा शेडर (चित्र रंगवण्यासाठी ग्राफिक्स कार्डाला लागणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्यातच कित्येकांचा मोठा वेळ गेला, आणि खेळायला सुरुवात होण्याआधीच परतीची मुदत संपत आली.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी सेटिंग्ज लावून गर्दीच्या, मोकळ्या जागेत पंधरा मिनिटं फिरा. फ्रेमची सरासरी फसवी असते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक चित्र. मध्येच एखादं चित्र १०० मिलिसेकंद घेत असेल तर सरासरी ६० दिसूनही हाताला हिसका जाणवतो. तो दर मिनिटाला येत असेल तर गेम परत करा आणि तीन महिन्यांनी ताजे रिव्ह्यू बघा. ऑनलाइन गेम असेल तर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, बघा. मुंबईत सर्व्हर असणं आणि सिंगापूरला जोडलं जाणं यात साधारण पन्नास मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि नेमबाजीच्या गेममध्ये तो प्रत्येक झटापटीत जाणवतो. उरलेला वेळ तुम्हाला ज्या गोष्टीसाठी गेम हवा होता तिला द्या: लढाईसाठी घेतला असेल तर संवाद वगळून सरळ लढाईपर्यंत जा. दीड तासाचा गजर लावा.

खेळून झाल्यावर चार ओळी तुम्हीही लिहा. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, कोणत्या सेटिंगला किती फ्रेम मिळाल्या, महाराष्ट्रात कोणत्या नेटवर किती पिंग आला, गेमची आवृत्ती कोणती, आणि कुठल्या जागी काय अडलं. मराठीत लिहिलंत तरी आकडे आणि कार्डांची नावं सगळ्यांना कळतात. तुमच्यासारखाच लॅपटॉप घेऊन बसलेल्या कोल्हापूरच्या किंवा पणजीच्या माणसाला परदेशातल्या महागड्या पीसीवरच्या ९.५ पेक्षा या चार ओळींचा उपयोग जास्त होईल.